पासवर्ड फुटला, पोर चुकलं नाही

पालकहो,

ती चौकट तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिली असेल. मूल क्लासचं किंवा शाळेचं पान क्रोममध्ये उघडतं, पासवर्ड टाकतं, आणि पडद्यावर इशारा येतो: हा पासवर्ड एका डेटाचोरीत उघड झाला आहे, लगेच बदला. मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी ‘ओके’ दाबून चौकट घालवतं आणि विषय तिथेच संपतो. नाहीतर फोन हिसकावला जातो आणि उलटतपासणी सुरू होते, “कुठल्या साइटवर गेला होतास? कुणाला दिलास पासवर्ड? खरं सांग.” आज मला या दोन्हींबद्दल तुमच्याशी बोलायचंय. पहिल्या प्रकारात खातं हातचं जाऊ शकतं. दुसऱ्या प्रकारात मूल एवढंच शिकतं, की अशी चौकट पुन्हा आली तर घरात सांगायचं नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. हा इशारा म्हणजे मुलावरचा आरोप नाही. फोन हॅक झाला किंवा मुलाने नको ते पाहिलं, असा त्याचा अर्थ होत नाही. जे नाव आणि जो पासवर्ड आत्ता टाकला, ती जोडी चोरीला गेलेल्या कुठल्यातरी यादीत सापडली आहे, एवढंच तो सांगतो. ती यादी बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून गेलेली असते. तिथे मुलाचा हात पोचत नाही आणि तुमचाही. क्वचित असंही होतं, की मूल एखाद्या खोट्या पानावर फसलेलं असतं किंवा फुकट मिळवलेल्या गेमसोबत आलेल्या व्हायरसने कॉम्प्युटरमधले पासवर्ड उचललेले असतात. पण तेसुद्धा शांतपणे विचारलं तरच कळतं. ओरडून विचारलं, तर ‘मला काय माहीत’ एवढंच उत्तर मिळतं.

मुलांच्याच जगातली उदाहरणं घ्या. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेक या खेळणी बनवणाऱ्या कंपनीतून डेटा चोरीला गेला. त्यात सुमारे ४८ लाख पालकांची खाती होती आणि त्यांना जोडलेली लाखो मुलांची नावं आणि जन्मतारखाही. २०१७ मध्ये एडमोडोची, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी गृहपाठासाठी वापरत त्या व्यासपीठाची, सुमारे ७ कोटी ७० लाख खाती फुटली. मे २०२० मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, आपल्याकडच्या अनअकॅडमीच्या सुमारे दोन कोटी खात्यांची माहिती विक्रीला आल्याची बातमी आली. या मुलांनी केलं काय होतं? कुणी खेळणं चालू केलं होतं, कुणी गृहपाठ जमा केला होता, कुणी परीक्षेची तयारी करत होतं.

अशा चोरीत पासवर्ड नेहमीच जसाच्या तसा हाती लागतो असं नाही. नीट काम करणाऱ्या कंपन्या तो एका गणिती प्रक्रियेतून काढून, ओळखू न येणाऱ्या अक्षरमालेच्या रूपात ठेवतात. पण चोराकडे वेळही असतो आणि संगणकही. लोक हमखास ठेवतात ते पासवर्ड त्याच प्रक्रियेतून एकेक करून काढायचे आणि कुठली अक्षरमाला जुळते ते बघायचं, एवढंच त्याचं काम. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड तर उघडेच सापडले. त्यात सर्वांत जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड होता १२३४५६. आपल्या घरांतला साचा थोडा वेगळा असतो. मुलाचं नाव, त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, मग ‘ॲट’चं चिन्ह, मग जन्मसाल. नाहीतर देवाचं नाव आणि पुढे १२३. मोठं अक्षर झालं, चिन्ह झालं, आकडे झाले, फॉर्मच्या सगळ्या अटी पाळल्या गेल्या. फक्त चोरालाही हा साचा तोंडपाठ असतो.

खरा घोळ इथून पुढे होतो. एका ठिकाणी मिळालेली जोडी चोर प्रोग्राम लावून शेकडो ठिकाणी चालवून बघतो: ईमेल, इन्स्टाग्राम, खरेदीची ॲप्स, गेम. याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये शाळा घरातून भरायला लागल्या, तेव्हाच पाच लाखांहून अधिक झूम खाती चोरबाजारात विकली जात असल्याचं उघड झालं होतं. झूमचा सर्व्हर फोडून ती मिळवलेली नव्हती. दुसरीकडे आधीच फुटलेले पासवर्ड झूमवर लावून पाहिले गेले, आणि ज्यांनी दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला होता त्यांची खाती उघडली. तिसरीत असताना सोडून दिलेल्या एखाद्या चित्रकलेच्या ॲपचा पासवर्ड मुलाच्या आजच्या ईमेललाही चालत असेल, तर ते विसरलेलं ॲप आजही त्याला भोवू शकतं.

इथे पालक मला हमखास विचारतात, “म्हणजे मॅडम, गूगल आमचे पासवर्ड वाचतं की काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. फुटलेल्या याद्या एकत्र करून लोकांना तपासू देण्याचं काम ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेतून सुरू केलं. फायरफॉक्सने २०१८ मध्ये त्याच माहितीच्या आधारे आपली सूचना-सेवा काढली. क्रोममध्ये ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आली, ॲपलच्या सफारीत २०२० मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये २०२१ मध्ये. या याद्या अवाढव्य असतात. गूगलने २०१९ मध्येच आपल्याकडे ४०० कोटींहून अधिक फुटलेल्या जोड्या असल्याचं सांगितलं होतं.

तपासणी कशी होते ते असं समजा. निकालाच्या दिवशी मुलाचा पूर्ण सीट नंबर तुम्हाला कुणालाच सांगायचा नाही. मग तुम्ही म्हणता, “या तीन आकड्यांनी सुरू होणारे सगळे निकाल द्या,” आणि त्या गठ्ठ्यात आपला नंबर घरी बसून शोधता. ब्राउझर साधारण हेच करतो. तो तुमची माहिती सांकेतिक रूपात बदलतो, त्या संकेताचा लहानसा तुकडा पाठवतो, तसाच तुकडा असलेल्या फुटलेल्या नोंदींचा गठ्ठा मागवतो आणि आपली जोडी त्यात आहे का, हे तुमच्याच फोनवर ताडून बघतो. क्रोम त्यासोबत एन्क्रिप्ट केलेली प्रतही पाठवतो, पण ती उलगडणारी की तुमच्या फोनबाहेर जात नाही. तेव्हा या भीतीने इशारे बंद करून ठेवू नका.

गेल्या पालकसभेनंतर आठवीतल्या एका मुलीची आई थांबली. फोन आईचा, पण अर्धा वेळ लेकीच्या हातात. तिघी बसलो. क्रोम उघडलं, वरच्या तीन टिंबांवर गेलो, तिथून पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि मग ‘चेकअप’वर बोट ठेवलं. यादी तीन भागांत आली: फुटलेले पासवर्ड, अनेक ठिकाणी वापरलेले पासवर्ड आणि कमकुवत पासवर्ड. स्कॉलरशिपच्या सराव परीक्षा, एक गेम, स्पेलिंगच्या स्पर्धेचं पान, वीजबिल, आईचं कपडे खरेदीचं खातं. सगळीकडे एकच पासवर्ड, लेकीचं लाडाचं नाव आणि जन्मसाल. मुलगी म्हणाली, “आई, हा तूच ठेवलायस. मी पहिलीत होते तेव्हा.” आई हसली, मग जराशी गप्प झाली. “लक्षात राहावा म्हणून ठेवला हो मॅडम. सगळीकडे हाच होऊन बसेल असं कुठे वाटलं होतं!”

पुष्कळ घरांतली गोष्ट हीच आहे. मुलांचे पहिले पासवर्ड आपण ठेवलेले असतात, आणि पासवर्ड कसा ठेवायचा हे मुलं आपलं बघूनच शिकतात.

त्या मायलेकींनी तेव्हा सगळी यादी उपसली नाही. फक्त ईमेलचा पासवर्ड बदलला, आणि सुरुवात तिथूनच करायची असते. कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा पासवर्ड ठेवायची लिंक ईमेलवर येते. ईमेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीची बरीचशी खाती. म्हणून इशारा कुठल्याही साइटचा असो, तोच पासवर्ड ईमेलला असेल तर आधी ईमेलचा बदला आणि तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मग पैशांशी संबंध असलेली खाती घ्या: नेट बँकिंग, खरेदी, तिकिटं. यूपीआयचा पिन या यादीत नसतो, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नका. पण तोच पिन फोनच्या लॉकलाही असेल, तर दोन्हींपैकी एक बदला. त्यानंतर शिष्यवृत्ती, सीईटी, नीट, प्रवेशाचे लॉगिन. सोशल मीडिया आणि गेम सर्वांत शेवटी. आता न लागणाऱ्या साइटवरचं खातंच बंद करून टाकलं तर उत्तम.

बदलायचा म्हणजे खरंच बदलायचा. शेवटचं २०१२ काढून २०१३ केलं, तर चोराला अंदाज करायला फार वेळ लागत नाही. सोपं म्हणजे ब्राउझर स्वतः जो लांबलचक पासवर्ड सुचवतो तो घ्या आणि त्यालाच जपून ठेवू द्या. हाताने टाकायचाच असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द जोडून लांब पासवर्ड करा. पासवर्ड बदलल्यावर त्या साइटच्या सेटिंग्जमध्ये ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ असा पर्याय मिळाला तर तोही दाबा, म्हणजे आधीपासून आत शिरलेलं कुणी असेल तर बाहेर पडेल. आयफोनवर हीच यादी आता ‘पासवर्ड्स’ या ॲपच्या ‘सिक्युरिटी’ भागात दिसते. एज आणि फायरफॉक्समध्ये ती जपून ठेवलेल्या पासवर्डच्या पानावर मिळते.

‘दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला’ ही जुनी शिकवण अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं, की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. लोक कंटाळून एखादा आकडा फिरवतात आणि काम भागवतात. पासवर्ड फुटल्याचं दिसलं की मात्र बदलायलाच हवा. म्हणजे कधी बदलायचा हे सांगणारा हा इशाराच आहे, आणि तोच आपण ‘ओके’ दाबून घालवतो.

आता त्याच्या मर्यादाही सांगते. ब्राउझर लॉगिनच्या वेळी किंवा चेकअप केल्यावर सांगतो, आणि यादी देतो ती त्याने जपून ठेवलेल्या पासवर्डांचीच. वहीत लिहिलेले, फक्त डोक्यात असलेले किंवा एखाद्या ॲपमध्ये थेट टाकलेले पासवर्ड त्याला ठाऊक नसतात. घरातली वही वाईट नाही, पण ती इशारा देऊ शकत नाही. शिवाय चोरी झाली की लगेच कळतं असंही नाही. लिंक्डइनचा डेटा २०१२ मध्ये गेला, आणि चोरी किती मोठी होती हे कळायला २०१६ उजाडलं. म्हणून इशारा आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घेऊ नका. आणि पासवर्ड फोनमध्ये ठेवायचे तर फोनचं लॉक तितकंच पक्कं हवं. पाहुणे, शेजारची मुलं, भाऊबंद सगळ्यांना माहीत असलेला पॅटर्न असेल, तर पासवर्ड कितीही लांब ठेवून उपयोग नाही.

एक खास आपल्याकडची गोष्ट. दहावी-बारावीनंतर फॉर्म भरायला आपण नेट कॅफेत जातो. तिथला पोरगा मुलाच्या नावाने पटकन ईमेल उघडून देतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि प्रिंटच्या कोपऱ्यात पेनाने लिहून देतो. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला बहुधा तोच. त्याचा हेतू वाईट नसतो, बाहेर रांग असते आणि शेवटची तारीख जवळ आलेली असते. पण ते खातं तुमच्या मुलाचं, आणि पासवर्ड गावाला ठाऊक. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी तो बदला. खात्यात रिकव्हरीसाठी कुणाचा मोबाईल नंबर टाकलाय तेही बघा, घाईत दुसऱ्याच कुणाचा पडलेला असू शकतो. आणि तिथल्या कॉम्प्युटरने ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ विचारलं तर ‘नको’च म्हणा.

खऱ्या इशाऱ्याची नक्कल करणारे ठगही आहेत. ‘तुमचा फोन हॅक झाला आहे’, ‘पाच मिनिटांत सगळा डेटा जाईल’, ‘या नंबरवर फोन करा’ असं भडक रंगात लिहिलेलं पान अचानक उघडतं, कधीकधी फोन थरथरतोही. आजी-आजोबा आणि लहान मुलं यालाच जास्त फसतात. ब्राउझरचा खरा इशारा कधी पैसे मागत नाही, ओटीपी विचारत नाही, फोन नंबर देत नाही आणि कुठलं ॲप घ्यायला लावत नाही. तरीही ओळखता येत नसेल, तर एकच नियम ठेवा: समोर आलेल्या कशालाही बोट न लावता ते पान बंद करायचं आणि आपण होऊन सेटिंग्जमध्ये जाऊन चेकअप करायचं. खरं काही असेल तर तिथे दिसेलच. ईमेल किंवा मेसेजमधल्या लिंकवरून पासवर्ड बदलायला जाऊ नका, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

मग मुलाचे पासवर्ड नेमके कुणाकडे असावेत? माझं मत सांगते. प्राथमिक शाळेपर्यंत ते आईबाबांकडेच असावेत. पाचवी ते आठवी दोघांनी मिळून सांभाळावेत, बदलताना मुलाने टाइप करावं आणि आपण शेजारी बसावं. नववीनंतर पासवर्ड मुलाचा. रिकव्हरीचा नंबर तुमचा असू द्या, पण ‘दाखव पासवर्ड’ म्हणून हट्ट धरू नका. जो पासवर्ड घरात मागून घेतला जातो, तो मित्राने मागितल्यावरही दिला जातो. या वयात ‘माझ्यावर विश्वास असेल तर पासवर्ड दे’ म्हणणारे मित्रमैत्रिणी भेटतातच, आणि भांडण झालं की तोच पासवर्ड वापरला जातो. मैत्रीतही ‘नाही’ म्हणता येतं, हे मुलाला आधी घरात आईबाबांना ‘नाही’ म्हणता आलं तरच जमेल.

कायदाही आता याकडे बघू लागला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल मानली आहे. त्यांचा डेटा घ्यायचा तर कंपनीने पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला हवी, आणि डेटा फुटला तर ज्यांचा फुटला त्यांना कळवायला हवं. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कंपनीकडून असा ईमेल आला तर तो जाहिरात समजून टाकून देऊ नका. पण तो खऱ्या पत्त्यावरून आलाय का ते बघा, आणि पासवर्ड बदलायला लिंकने न जाता आपण होऊनच जा.

ओरडण्याबद्दल शेवटचं सांगते. संगणक कक्षात मुलं मला ज्या गोष्टी हळूच सांगतात, त्यातल्या पुष्कळ घरी सांगितलेल्या नसतात. खातं गेलं, कुणीतरी त्याच्या नावाने काहीबाही पाठवलं, गेममधली जमवलेली नाणी गेली. का नाही सांगितलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, “बाबा फोन काढून घेतील.” नुकसान छोटं असताना मूल बोललं असतं तर दोन मिनिटांत निपटलं असतं. ते फोन जाण्याच्या भीतीने गप्प बसतं, आणि तेवढ्यात चोराला हवा तेवढा वेळ मिळतो. मुलाच्या हाती आपण देऊ शकतो असं सर्वांत चांगलं संरक्षण म्हणजे, काहीही झालं तरी घरात सांगता येतं हा भरवसा.

म्हणून विनंती एवढीच. या रविवारी घरातले सगळे फोन घेऊन बसा. आधी तुमच्या फोनचं चेकअप उघडा, मुलाचं नंतर. तुमचे फुटलेले पासवर्ड त्यालाही दिसू द्या, बदलताना त्याची मदत घ्या. ‘आई, इशारा आलाय’ म्हणत ते तुमच्याकडे आलं, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच निघू द्या. आणि ईमेलचा पासवर्ड मात्र रविवारची वाट न बघता आजच बदला.